खुलासा : त्या कादंबरीत गुप्तहेर पॉयरो नाही

परभणीतल्या आमच्या वाचक ग्रुपवरून एक मेसेज सगळीकडे फिरतोय : ‘अगाथा ख्रिस्तीच्या अँड देन देअर वेअर नन मध्ये पॉयरो शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून खुनी सांगतो.’ हा मेसेज मीच लिहिला होता. ऐकीव माहितीवर लिहिला, चूक माझी.

परवा ग्रंथालयातून प्रत आणून दोन रात्रीत वाचून काढली. 1939 सालच्या या कादंबरीत पॉयरो नाही, ख्रिस्तीबाईंची दुसरी गुन्हे उकलणारी मिस मार्पलही नाही. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्याजवळचं बेट, त्यावर दहा माणसं. एक माजी पोलीस आहे खरा, पण तोही संशयितांतच. जेवणाच्या टेबलावर चिनी मातीच्या दहा बाहुल्या. माणूस मेला की एक बाहुली कमी होते. तिथे मी पुस्तक मिटून दाराची कडी तपासून आले! ख्रिस्तीबाईंच्या नेहमीच्या कथांत आपण गुप्तहेराच्या भरवशावर निर्धास्त असतो, इथे तो आधारच काढून घेतलाय. म्हणून तर पॉयरोची वाट बघत वाचलं तर सगळी मजा जाते.

शेवट सांगत नाही. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा टाका.