मी भिजलो नाही, मला पाजलं

पाऊस पडत नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यानंतर भेटलेल्या प्रत्येकाने मला "छत्री नव्हती का?" असंच विचारलं. छत्रीचा संबंधच काय? पाणी वरून आलंच नाही, ते बाजूने आलं. भरधाव गाडी, रस्त्याकडेचं डबकं आणि मी, एवढाच मामला. त्यातला गाडीवाला थांबला नाही. काच खाली करून बघितलंसुद्धा नाही.

मी बसथांब्यावर उभा राहून साहेबांशी फोनवर बोलत होतो. "निघालोच आहे सर, वीस मिनि..." एवढ्यासाठी तोंड उघडलं आणि डबकं अंगावर आलं. बरंचसं अंगावर, थोडं तोंडात. थुंकून झाल्यावर मी फोनमध्ये म्हणालो, "सर, आय ॲम कम्प्लीटली ड्रेंच्ड." आमच्याकडे दुःख इंग्रजीत सांगितलं की जरा खरं वाटतं.

"अर्धंच बरोबर," मागून आवाज आला.

वळून बघितलं. सत्तरीचे एक गृहस्थ. कोरडे ठणठणीत. असणारच, ते नेमके माझ्या मागे उभे होते आणि मी त्यांची भिंत झालो होतो. काखेत छत्री, तीही कोरडी.

"ड्रेंच म्हणजे भिजवणं, हे आत्ताचं," ते म्हणाले. "मुळात ड्रेंच म्हणजे पाजणं. गुरांचा डॉक्टर होतो मी. जन्मभर तेच केलं."

माझ्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. अशा वेळी माणसाला कुणी रुमाल देतं. मला व्युत्पत्ती मिळाली.

"मेंढीला जंताचं औषध द्यायचंय. ती काय आ करून बसणार आहे? तिला धरायची, तोंडाच्या कोपऱ्यातून नळी जिभेच्या मागच्या भागापर्यंत न्यायची आणि सोडायचं औषध. त्याला म्हणतात ड्रेंच. त्या औषधालाही ड्रेंचच म्हणतात. कळप मोठा असेल तर पिस्तुलासारखं यंत्र असतं, ड्रेंचिंग गन. चाप ओढला की नेमका डोस." एवढं बोलून त्यांनी माझी हनुवटी धरली. खरंच धरली. "मान फार वर उचलायची नाही हं. उचलली की औषध श्वासनलिकेत जातं, मग न्यूमोनिया. तुमची मान मघाशी अगदी बरोबर होती. थोडं गेलं ना पोटात?"

"गेलं," मी म्हणालो. हनुवटी दुसऱ्याच्या हातात असताना माणूस खोटं बोलू शकत नाही.

"मग तुम्ही दोन्ही अर्थांनी ड्रेंच झालात!" त्यांचा चेहरा उजळला. बहुतेक निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.

खिशाजवळून बारीक आवाज येत होता. फोन चालूच होता. साहेब विचारत होते, "हॅलो? कोण मेंढी?"

एवढ्यावर त्यांनी सोडायला हरकत नव्हती. पण त्यांनी वाकून माझ्या शर्टाचा वास घेतला. "ड्रिंक आणि ड्रेंच, तशीच स्टिंक आणि स्टेंच ही जोडी," ते म्हणाले. "जुन्या इंग्रजीत स्टिंक म्हणजे नुसता वास येणं. फुलंसुद्धा स्टिंक करायची. वाईट वाटून घेऊ नका." मग त्यांची बस आली. चढताना छत्री माझ्या गुडघ्याला लावून गेले.

घरी आल्यावर कपडेही न बदलता शब्दकोश उघडला. म्हातारा खोटा ठरावा अशी फार इच्छा होती. ठरला नाही. जुन्या इंग्रजीत पिण्याला जे क्रियापद होतं, त्याचंच प्रयोजक रूप म्हणजे ड्रेंच. आपल्याकडे पिणे आणि पाजणे, तसं. जर्मनमध्ये ही जोडी अजून शाबूत आहे, गुरांना पाणी पाजायला वेगळं क्रियापद आहे. इंग्रजीत पाजता पाजता अर्थ बुडवण्यापर्यंत गेला. चौदाव्या शतकात चॉसरच्या एका कथेत भोळ्या सुताराला कुणीतरी महापुराची थाप मारतं, तर तो "माझी बायको ड्रेंच होणार?" म्हणून गळा काढतो. म्हणजे बुडून मरणार. आज एवढ्यासाठी कुणी गळा काढत नाही, टॉवेल पुढे करतं. पाणी ओतून नुसतं चिंब करणं, हा अर्थ सोळाव्या शतकात रुळला. सहाशे वर्षांपूर्वी मी साहेबांना तेच वाक्य ऐकवलं असतं तर निदान एक दिवसाची रजा तरी मिळाली असती.

वाचता वाचता माझी खरी तक्रार काय आहे ते मला कळलं. मराठीत पडणे आणि पाडणे वेगळं, तुटणे आणि तोडणे वेगळं. इंग्रजीतही फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे झाड पाडणे, अशा जोड्या उरल्यात थोड्या. पडतो तो एक आणि पाडणारा दुसरा, हे क्रियापदच सांगतं. आणि तरी दिवसभर मी सगळ्यांना काय सांगत फिरलो? "भिजलो." जसा काही मी आपणहून भिजलो. जसा मी डबक्यापाशी हौसेने गेलो होतो. "भिजलो" म्हटलं की समोरचा छत्रीबद्दल विचारणार, उंच जागी उभं राहावं असा सल्ला देणार, "या दिवसांत पांढरं घालूच नये" म्हणणार. गाडीवाल्याबद्दल चकार शब्द नाही. वाक्यात तो नाहीच, तर कोण विचारणार! डबकं कुणी बुजवलं नाही तेही नाही. सगळा दोष माझ्या शर्टाच्या रंगाचा.

म्हणून ऑफिसच्या उशिराच्या अर्जात "कारण" या रकान्यात मी या वेळी प्रयोजक रूप वापरलं. जाणूनबुजून. "सकाळी थांब्यावर उभा असताना एका गाडीवाल्याने मला पाजलं."

तासाभराने साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, खुर्ची मागे सरकवली आणि लांबूनच हळू आवाजात विचारलं, "सकाळी सकाळी?"

मी चॉसरपासून सुरुवात केली. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा दारू पाजून झिंगवणं असाही एक अर्थ होता, हे सांगायची तेवढी गरज नव्हती.