"स्वादुपिंडाला सुरी लावली की माणूस गेला" हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

आमच्या वाडीच्या ग्रुपवर क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसबद्दलचा, म्हणजे स्वादुपिंडाला वर्षानुवर्षं राहणाऱ्या सुजेबद्दलचा, तो मेसेज परत आलाय, की स्वादुपिंडाला सुरी लावली की माणूस वाचत नाही, अख्खं स्वादुपिंड काढतात, हा दारुड्यांचा रोग, तेव्हा काढा घ्या आणि सहन करा. माझा देवगडचा मामेभाऊ तीन वर्षं याच ऐकीव गोष्टींपायी घरी कळवळत होता. रात्री ओटीवर उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकून बसायचा, म्हणायचा "पाठीक भालो आरपार गेल्यासारख्या वाटता", आणि पेजेचे दोन घोटसुद्धा घाबरत घ्यायचा.

दारूला त्याने कधी हात लावला नाही. दारू-सिगारेटने हा आजार होतो, बळावतो हे खरंच, पण आपल्याकडे दारूचा काही संबंध नसलेले तरुण पेशंट भरपूर आहेत, काहींच्या जीन्समध्येच दोष असतो, त्यांना दारुडा म्हणू नका.

अख्खं स्वादुपिंड काढणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. स्वादुपिंडातली नळी फुगलेली असेल तर ती लांबीत उघडून खडे काढतात आणि लहान आतडं तिला जोडतात, ही पद्धत १९६० पासूनची आहे. स्वादुपिंडाच्या डोक्याकडचा भाग सुजलेला असेल तर तोही कोरून काढतात. काढ्याने ते कॅल्शियमचे खडे विरघळत नाहीत. आणि ऑपरेशनने डायबेटिस होईल म्हणाल तर ऑपरेशन न करताही या आजारात तो होतोच की बऱ्याच जणांना.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "सहन करा, अगदीच नाही जमलं तर शेवटी बघू". नेदरलँड्समध्ये नळी फुगलेल्या ८८ पेशंटवर अभ्यास झाला, २०२० ला छापून आला, अर्ध्यांचं ऑपरेशन लवकर केलं, बाकीच्यांना आधी औषधं मग तोंडातून दुर्बीण घालून उपचार आणि तरीही थांबलं नाही तरच ऑपरेशन, तर दीड वर्षात लवकर ऑपरेशनवाल्यांचं दुखणं सरासरी कमी होतं आणि दोन्हीकडे मृत्यू शून्य. दुखणं वर्षानुवर्षं चालू राहिलं की नसा आणि मेंदूच त्याला सरावतात, मग अडथळा काढला तरी वेदना मागे राहू शकते, म्हणून वेळ महत्त्वाची.

सगळ्यांचं दुखणं पूर्ण जातं असं मी म्हणत नाही, नळी बारीक असेल तर हे ऑपरेशन लागूही पडत नाही. पण ते एमआरसीपी (स्वादुपिंडाच्या आणि पित्ताच्या नळ्या दाखवणारा एमआरआय) बघून सर्जनला ठरवू दे. घरात कोणाला असं दुखत असेल तर रिपोर्टमध्ये नळी किती मिलिमीटर लिहिलीय ते बघा आणि तो कागद घेऊन गोवा, कोल्हापूर, मुंबई जिथे जमेल तिथे पोटाच्या सर्जनला याच महिन्यात दाखवा.