चार अक्षरांचा लिलाव: इच्छुकांसाठी सूचना

लहान डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा छोटा पत्ता, ऑनलाइन लिलावात विकून चार पैसे गाठीला बांधण्याचा आपला विचार असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. गेल्या महिन्यात मी हा उद्योग अगदी शेवटच्या पायरीपर्यंत करून पाहिला, आणि त्यातून अनुभवाखेरीज काहीच हाती न लागल्यामुळे तो आता वाटून टाकण्याइतका माझ्यापाशी साठला आहे.

आरंभ मूल्यांकनापासून करावा. इंग्रजी अक्षरे २६ असल्यामुळे निव्वळ अक्षरांची दोन अक्षरी नावे ६७६, तीन अक्षरी १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६ इतकीच होऊ शकतात, आणि डॉट कॉममधली ही सगळी नावे कधीच कोणाची ना कोणाची होऊन बसली आहेत. हे गणित भेटेल त्या ग्राहकाला ऐकवावे. जे दुर्मीळ आहे ते मौल्यवान असणारच, अशी त्याची खात्री पटली पाहिजे. दुर्मीळ तर माझे हस्ताक्षरही आहे, पण असले विचार लिलावाच्या काळात मनात आणू नयेत.

यानंतर इतिहासाकडे वळावे. अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन या शेतकरी संघटनेने २०१० मध्ये एफबी डॉट कॉम हे नाव फेसबुकला ८५ लाख डॉलरना विकले, ही कथा आपल्या विक्रीच्या जाहिरातीत पहिल्या परिच्छेदातच घालावी. फेसबुकला लोक आधीपासूनच त्या दोन अक्षरांनी ओळखत होते, त्यामुळे गरज घेणाऱ्याची होती आणि तो व्यवहार लिलावात नव्हे तर थेट बोलणीत ठरला होता, एवढे दोन तपशील तेवढे गाळावेत. आपल्या चार अक्षरांसाठी अडून बसलेली अशी एखादी कंपनी जगात असेलच, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिला आपला लिलाव दिसेलच, यावर श्रद्धा असू द्यावी.

श्रद्धा डळमळीत झाल्यास स्वयंचलित मूल्यांकनाचा आधार घ्यावा. माझ्या चार अक्षरी डोमेन नावात एक स्वर आहे आणि ते फोनवर एकदाच सांगितले तरी समोरच्या माणसाला बिनचूक लिहिता येते. त्याची किंमत एका यंत्राने ३१० डॉलर सांगितली, दुसऱ्याने २,४०० आणि तिसऱ्याने ७,१५०. अशा वेळी सर्वांत मोठा आकडा शास्त्रीय मानावा, मधला आकडा मनातल्या मनात किमान किंमत म्हणून धरावा आणि सर्वांत लहान आकडा सांगणाऱ्या यंत्राच्या वाटेला पुन्हा जाऊ नये. ही यंत्रे इतर गोष्टींबरोबर पूर्वी झालेल्या तत्सम विक्रींच्या नोंदी चाळून अंदाज बांधतात. हे वाक्य ध्यानात असू द्यावे, कारण मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

अक्षरांची निवड बाजाराच्या लहरीप्रमाणे करावी. २०१५ मध्ये ए, ई, आय, ओ, यू आणि व्ही ही सहा अक्षरे नसलेली चार अक्षरी नावे चिनी गुंतवणूकदारांनी धडाधड उचलली, कारण उरलेली २० अक्षरे पिनयिन या चिनी शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीतल्या आद्याक्षरांना सोयीची होती. ज्यांचा उच्चार करताना जिभेला गाठ पडावी अशा नावांना त्या वर्षी भाव आला. पुढच्या वर्षी तो उतरला, आणि ज्यांनी ऐन शिखरावर खरेदी केली होती ते तेव्हापासून स्वतःला दीर्घकालीन गुंतवणूकदार म्हणवून घेतात.

पैसे भरून नाव टिकवण्याची, म्हणजे नूतनीकरणाची, तारीख विसरू नये, कारण ती आपल्या प्रतिस्पर्ध्यांना पाठ असते.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली नाव विकायचे नाही असा आकडा, ठेवू नये, त्याने बोलीदार बिचकतात. ठेवली नाही तरी बिचकतात, परंतु तेव्हा नाव हातचे जाते.

लिलावाचा खर्चही न करता नाव गमवायचे असेल, तर त्या अक्षरांचे व्यापारचिन्ह असलेल्या कंपनीला आपण होऊन पत्र लिहावे आणि अव्वाच्या सव्वा रक्कम मागावी. १९९९ मध्ये स्वीकारलेल्या यूडीआरपी या डोमेन नावांच्या वादनिवारण धोरणाखाली असे पत्र वाईट हेतूचा पुरावा म्हणून सादर करता येते, आणि तो पुरावा आपण स्वतःच्या सहीनिशी पुरवलेला असतो.

आता प्रत्यक्ष लिलावाविषयी. तो सात दिवसांचा ठेवावा. पहिले सहा दिवस भाव ९०० डॉलरवर मुक्काम ठोकून बसेल, तेव्हा धीर सोडू नये. माझ्या लिलावात शेवटच्या रात्री, वेळ संपायला चार मिनिटे उरली असताना, तीन बोलीदार एकदम जागे झाले. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा पाच मिनिटांवर जाते. अखेरच्या क्षणी झडप घालून नाव पळवणाऱ्यांना आवर बसावा म्हणून ही सोय केलेली असते, आणि ती आपले काम चोख करते. तिसरा बोलीदार १,१०० वर थांबला. उरलेले दोघे तीन तास शंभर-शंभर डॉलरनी वर चढत राहिले आणि मी पडद्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसून, प्रत्येक वेळी ०:०९ किंवा ०:०६ वर आलेले ते घड्याळ पुन्हा ५:०० होताना पाहत राहिलो. ४,८०० वर हातोडा पडला. नावावर ‘विकले गेले’ अशी हिरवी पट्टी आली. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती आनंदाने आली नाही, हे आता सांगायला संकोच वाटतो.

विजेत्याला पैसे भरण्यासाठी तीन दिवस दिलेले होते. चौथ्या दिवशी त्याला स्मरणपत्र गेले. सहाव्या दिवशी दुसरे गेले. आठव्या दिवशी मला लिलावसंस्थेचे पत्र आले की ग्राहकाकडून प्रतिसाद नाही, गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आणि आपण आपले नाव पुन्हा लिलावात मांडू शकता. गैरसोय! पावसाने कार्यक्रम पुढे ढकलावा लागला, तर तिला गैरसोय म्हणतात. शिक्षा काय झाली म्हणून विचारले, तर त्याचे खाते स्थगित केल्याचे कळले. दुसरे खाते उघडण्यासाठी त्याला एक नवा ईमेल पत्ता लागेल, आणि ईमेल पत्त्याचा मात्र जगात कुठेही तुटवडा नाही. ज्या संस्थेला विक्रेत्याकडून ओळखपत्र हवे असते, बँकेचा तपशील हवा असतो, नाव आपलेच आहे याचा पुरावा हवा असतो, तिला बोली लावणाऱ्याकडून दहा टक्के अनामत मागताना एवढी भीड का पडते, हा प्रश्न मी तीन वेळा लिहून पाठवला. तिन्ही वेळा माझ्या अभिप्रायाबद्दल आभार मानणारे एकच उत्तर आले.

दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराकडे जावे, असा सल्ला आपल्याला मिळेल. मीही गेलो. त्याची शेवटची बोली ४,७०० होती. तो सभ्यपणे म्हणाला की पहिला माणूस खोटा होता, तर त्याने चढवलेला भावही खोटाच होता. ‘तो नसता तर मला हे नाव १,२०० ला मिळाले असते, म्हणून मी १,२०० देतो.’ मला संताप आला. नंतर कागद घेऊन मी सगळ्या बोल्या ओळीने मांडल्या आणि त्याचा हिशेब बरोबर निघाला. जो माणूस पैसे द्यायला खरोखर तयार होता, त्याच्याशीच मी दोन दिवस हुज्जत घातली, आणि ज्याने आम्हा दोघांना नाचवले त्याचा मला फक्त बोलीदार क्रमांक ठाऊक आहे. एव्हाना दुसऱ्यानेही दुसरे नाव घेतले आहे.

या क्षेत्रात हे आज सुरू झालेले नाही. स्नॅपनेम्स या लिलावसंस्थेने २००९ मध्ये स्वतःच जाहीर केले होते की तिचाच एक कर्मचारी २००५ पासून खोट्या नावाने तिच्या लिलावांत बोली लावत होता. त्या संस्थेने निदान ज्यांना भुर्दंड बसला त्यांना फरकाची रक्कम व्याजासह परत देऊ केली. माझ्या बाबतीत तसले कारस्थान असल्याचे मी म्हणत नाही. इथे बहुधा कारस्थानही नव्हते, आणि त्याचाच मला अधिक राग आहे. कोणाला तरी रात्री झोप येत नव्हती, एवढेच.

आता मघाच्या वाक्याकडे येतो. काल त्या संस्थेच्या संकेतस्थळावरची झालेल्या विक्रींची यादी उघडली. तिच्यात माझे नाव आहे, किंमत ४,८०० डॉलर, विकले गेले. अशा याद्या वाचूनच यंत्रे अंदाज बांधतात. म्हणजे उद्या कोणीतरी आपल्या चार अक्षरांची किंमत विचारील तेव्हा न झालेल्या या विक्रीच्या आधारे त्याला आकडा सांगितला जाईल, तो त्यावर विसंबून राखीव किंमत ठरवील, आणि ही बोलाचीच कढी पुन्हा नव्याने वाढली जाईल. ती नोंद काढून टाका असे मी कळवले आहे. अभिप्रायाबद्दल आभार आले आहेत.

इथपर्यंत मी आपल्याला सल्ले देत होतो, पण खरे सांगायचे तर हे सगळे मला विक्रेत्यांना सांगायचेच नव्हते. या धंद्यात आज विकणारा तोच उद्या बोली लावणारा असतो, तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी कधी ना कधी ‘भाव कुठवर जातो ते पाहू’ म्हणून ते बटण दाबलेले आहे, हे मला ठाऊक आहे. तुमच्यासाठी तो पाहण्याचा खेळ असतो. पलीकडे एक माणूस दहा-बारा वर्षे दरवर्षी पैसे भरून ते नाव सांभाळत असतो, आणि त्याच्याही पलीकडे एखादा खरा ग्राहक आपल्या ऐपतीच्या शेवटच्या शंभर डॉलरपर्यंत आलेला असतो. तुम्ही दोघांनाही बुडवता आणि खिडकी बंद करून झोपी जाता. बोली म्हणजे दिलेला शब्द असतो, हे अटींच्या पानावर पहिल्या पाच ओळींतच लिहिलेले आहे आणि ‘मला मान्य आहे’ या चौकोनात तुम्हीच खूण केलेली आहे. पैसे नव्हते, तर थांबता आले असते. पैसे होते आणि मन बदलले, तर दोन ओळींचे पत्र लिहिता आले असते. त्याला मी चिडलो असतो, पण आठ दिवस वाट पाहत बसलो नसतो. खरेदी करायचीच नव्हती, तर हात खिशात ठेवायचा होता.