‘कोळसा घरचा, पॅनेल चीनचं’: हिशोब कुठे चुकतो

खानदेशातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कोळसा देशाचा, सौर पॅनेल चीनचं. सौर धोरण म्हणजे परावलंबन, त्यापेक्षा दीपनगर (भुसावळजवळचं कोळशावरचं वीज केंद्र) वाढवा. सौर रात्री तसंही शून्यच. यातलं काही खरं आहे, पण मूळ हिशोब उलटा मांडलाय.

‘कोळसा देशाचा’

देशाचा आहे, पण दीपनगरच्या दारात नाही. तिथला ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज होते. युनिटमागे ७०० ग्रॅम धरले तरी ८,४०० टन कोळसा लागला. मालगाडीचा एक रेक साधारण ३,८०० ते ४,००० टनांचा, म्हणजे एकाच संचाला रोज दोन रेक आणि वर थोडा. खाणीपासून लांबच्या केंद्राने २० ते २६ दिवसांचा साठा ठेवावा असा आजचा नियम आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशाची सरासरी चार दिवसांवर आली होती. २०२२ मध्ये केंद्र सरकारनेच वीज केंद्रांना १० टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितलं.

पावसाळ्यात तर वेगळीच अडचण. ओला कोळसा साठवणीच्या बंकरच्या तळाशी चिकटतो, तो पुढे नेणाऱ्या फीडरवरची धार तुटते, दळणाऱ्या मिलमधून पुरेशी भुकटी येत नाही आणि बॉयलरमधली ज्योत डळमळते. ती टिकवायला तेल जाळावं लागतं. ते तेल निघतं कच्च्या तेलातून, आणि कच्चं तेल आपण ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. ‘घरच्या’ कोळशाचा हा खर्च मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘पॅनेल चीनचं’

अर्धं खरं. केंद्राच्या कुसुम योजनेतल्या सौर पंपांना देशात बनलेले सेल आणि पॅनेलच चालतात. पण सेल ज्यापासून बनतो ते वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) आणि तिचा कच्चा माल पॉलिसिलिकॉन अजून बहुतांश चीनमधूनच येतं. हा धोका खरा आहे आणि तो झाकू नये.

पण कोळसा रोज जळतो, पॅनेल २५ वर्षं उभं राहतं. चीनने उद्या माल रोखला तर नवी उभारणी अडेल. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ पासून असलेला १२५ मेगावॉटचा प्रकल्प मात्र त्या दिवशीही वीज देईल. रेक थांबले तर औष्णिक संचाकडे मोजून दिवस असतात. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॉट सौरमधून वर्षाला साधारण १६ लाख युनिट मिळतात. तेवढ्याला अकराशे टन कोळसा लागला असता.

‘रात्री शून्य’

बरोबर. संध्याकाळी सातचा भार सौर उचलत नाही, त्यामुळे साठवणूक वाढेपर्यंत दीपनगर लागणारच. पण शेतीपंप हा दिवसा सरकवता येणारा भार आहे. यावल-रावेरच्या केळीला पाणी रात्री दोनलाच द्यावं असं पीक सांगत नाही, लाईटची पाळी सांगते.

इथे सौर पंप विकणारेही पंप किती रान भिजवेल ते फुगवून सांगतात. ५ एचपीच्या पंपाला ४,८०० वॉटचं पॅनेल असतं. ७० मीटर हेडला (म्हणजे पाणी तेवढं उंच उचलायचं असेल तर) सरकारी मानकाप्रमाणे स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ६७ हजार लिटर पाणी. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ केळीची झाडं, उन्हाळ्यात झाडाला २० लिटर, म्हणजे एकराला ३५ हजार लिटर. दोन एकरही जेमतेम. बोअरचं पाणी १०० मीटरवर गेलं की तोच पंप ४५ हजारांवर येतो. अशा ठिकाणी फीडरच (शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी) सौरवर घ्यावा: सबस्टेशनजवळ प्रकल्प, दिवसा थ्री फेज, शेतकऱ्याची जुनी मोटर तशीच.

मेसेजमध्ये नसलेला मुद्दा

जमीन. दोंडाईच्याजवळ विखरणची जमीन आधी औष्णिक प्रकल्पाच्या नावाने घेतली गेली, नंतर तिथे सौर प्रकल्प ठरला. मोबदल्यासाठी झगडणाऱ्या धर्मा पाटलांनी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. नर्मदाकाठची नंदुरबारची गावं सरदार सरोवरात बुडाली. इंधन कुठलंही असो, किंमत इथल्याच माणसाने दिली. अशा सौर फीडरच्या सौर कृषी वाहिनी योजनेसाठी खासगी जमीन भाड्याने घेताना हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा सरकारी दर आहे. जमिनीच्या किमतीचे ६ टक्के याहून जास्त होत असतील तर तेवढे. करारात याहून कमी आकडा दिसला तर सही करू नका, आणि जमीन विकत मागणाऱ्याला आधी भाड्याचाच प्रस्ताव लेखी मागा.