आधी घंगाळ आणा

गेल्या रविवारी एका घरातून निघताना माझ्यादेखत पेले मोजले गेले. साधे स्टीलचे, कोकम सरबताचे. मी ओटीवरून उतरून चपला शोधत होतो आणि आत मोरीपाशी एक, दोन, तीन, चार असं अगदी स्वच्छ आवाजात चाललं होतं. चार भरल्यावर सूनबाई दारात आल्या आणि झोपाळ्याकडे बघून म्हणाल्या, "आहेत हो सगळे." झोपाळ्यावरच्या अण्णांनी समाधानाने मान हलवली. मी एकसष्ट वर्षांचा माणूस. बँकेत चौतीस वर्षं रोखपाल होतो. दुसऱ्यांच्या नोटा मोजण्यात उभा जन्म गेला, कधी एक कमी भरली नाही. आणि आता माझ्यामागे पेले मोजायची वेळ आली ती पूर्वजांमुळे.

निवृत्तीनंतर माणसाला मधुमेह, सकाळचं फिरणं आणि पूर्वज यातलं काहीतरी लागतंच. पहिली दोन मला आधीच लागली होती.

आमच्या घरात दोन गोष्टी लहानपणापासून ऐकवल्या जात. थोरले काका सांगत, आपले मूळपुरुष आंग्र्यांच्या आरमारात, सुवर्णदुर्गावर. धाकटे काका सांगत, छे, पेशव्यांच्या पदरी. दोघांनीही मरेपर्यंत माघार घेतली नाही. पुढे मी पुस्तकं चाळली तेव्हा कळलं की १७५५ साली सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला तो इंग्रजांनी आणि पेशव्यांनी मिळून. म्हणजे दोन्ही काका खरे धरले तर आमचा एक मूळपुरुष तटाच्या आत होता, दुसरा बाहेर, आणि दोघं एकमेकांवर नेम धरून बसले होते. आमच्या घरातली भाऊबंदकी बघता हे अगदीच अशक्य वाटत नाही. आतला मूळपुरुष किल्ला पडल्यावर हर्णैच्या किनाऱ्याला पोहत आला, असंही थोरले काका सांगत. कोकणातल्या कुठल्याही घराण्याचा पूर्वज घ्या, तो एक तर तोफेपाशी उभा असतो नाही तर खजिन्यापाशी. नारळ सोलणारा पूर्वज कुणालाच नसतो. मग एवढे नारळ सोलले कुणी?

कचेरीतला दिवस थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून डोकं उठतं. गाव नमुना १४ म्हणजे जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींचं पुस्तक, त्याला कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून या बुकांना एकदम भाव आलाय. ज्या कपाटाकडे वर्षानुवर्षं फक्त वाळवी फिरकत होती, तिथे आता माणसांची रांग असते. दुपारी साडेतीनला माझा नंबर लागला.

"साल सांगा."

"साल शोधायलाच आलोय. आजोबा कधी जन्मले ते..."

"सालाशिवाय बुक निघत नाही."

शेवटी अंदाजाने चार बुकं निघाली. दोन वाळवीची, एक भिजून त्याची पोळी झालेली. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे कागद टिकला हेच नवल, असं कारकून म्हणाले, आणि ते त्यांना नवल वाटत असल्यासारखं म्हणाले नाहीत. चौथ्या बुकात नोंदी होत्या, पण जन्मलेल्याचं नावच नाही. बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगा'. बारशाच्या आधीच कोतवाल येऊन गेलेला. बरं, बापाच्या नावावरून धागा लावावा, तर नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत. विष्णूचा गोविंद, गोविंदाचा विष्णू, परत विष्णूचा गोविंद. नवीन नाव सुचायला यांना काय पैसे पडत होते? वर घरात कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही. गावात चौकशी केली की म्हातारी माणसं सांगतात, "तात्या ना? फार भला माणूस." कुठला तात्या? आमच्याकडे तात्याच सात होते.

बायकांचं तर विचारूच नका. धाकट्या काकांनी करून ठेवलेल्या वंशावळीत नऊ पिढ्या आहेत, त्रेचाळीस पुरुष, आणि बाई एकही नाही. पावसात आळंबी उगवावीत तसे सगळे आपापले उगवलेले. पणजीचं नाव काय, असं मी एकदा वडिलांना विचारलं होतं. ते बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "आम्ही तिला मोठीआई म्हणायचो." लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवऱ्याकडचं नाव लिहितात. माहेरचं नाव त्या दिवशी गेलं आणि नवीन लिहिलं ते तांदळावर. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले असतील. आता कुठल्या दफ्तरात शोधायचं? मी पणजीसाठीच निघालो होतो असं म्हटलं तर खोटं होईल, मलाही तो तोफेपाशी उभा असलेलाच हवा होता. पण त्रेचाळीस माणसं जन्माला घालणाऱ्यांपैकी एकीचंही नाव नाही, हे कागदावर बघितल्यावर जरा लाज वाटली. एवढं खरं.

म्हणून गावी गेलो. गाव दापोलीच्या पुढे, समुद्राच्या अंगाला. त्यात आमचं आता काही नाही. एक चौथरा आहे, त्यावर निवडुंग. १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करायचा पिढीजात हक्क, गेली; १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं मालक झाली. त्याच्याही आधी आमचे आजोबा बोटीने मुंबईला आलेले. त्यामुळे मी निर्मळ मनाने गेलो होतो. पण कोकणात निर्मळ मनाने कुणी येतं यावर कोकणाचा विश्वास नाही. पूर्वजांची चौकशी करणाऱ्या माणसाला एक तर विकायचं असतं, नाही तर हिस्सा हवा असतो. एसटीतून उतरून देवळापर्यंत पोचेतो मला तीन जणांनी विचारलं, "मोजणी आणलीत का?"

पाखाडी उतरून, चिऱ्याच्या गडग्यातलं बेडं सरकवून मी अण्णांकडे गेलो. गावात जुनं ठाऊक असणारे तेवढेच उरलेत. वय ब्याण्णव, अंगात बंडी, हातात अडकित्ता. मी आडनाव सांगितलं आणि अडकित्ता थांबला.

"वरच्या आळीतले?"

"हो. म्हणजे होतो."

"सातबारावर एकवीस नावं आहेत. तुमचं नाही."

"नसू दे, अण्णा. मला जमीन नकोय. मी फक्त पूर्वजांची माहिती..."

"मागल्या मे महिन्यात एक जण आलेला," अण्णांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "म्हणाला, कुलदैवत कुठलं तेवढं विचारायला आलोय. जाताना मोजणीची तारीख घेऊन गेला."

मी शपथ घेतली. कुलदैवताचीच घेतली, कारण ते मला ठाऊक होतं. अण्णांनी झोपाळ्याला एक झोका दिला, माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि आत हाक मारली, "सूनबाई, सरबत आण. घंगाळवाले आलेत."

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, आणखी कुणीतरी आलंय.

"तुम्हीच," अण्णा म्हणाले. "तुमच्या पणजोबांनी मुलाच्या मुंजीला आमचं घंगाळ नेलं. घटिका मांडायला. तेव्हा घड्याळं होती, नाही असं नाही. पण तुमच्या पणजोबांचा घड्याळावर विश्वास नव्हता. पाण्यात भोकाचं पात्र सोडायचं, ते भरून बुडालं की घटिका झाली. एक घटिका म्हणजे किती?"

"चोवीस मिनिटं."

"चोवीस मिनिटांसाठी नेलं," अण्णा म्हणाले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी अशा काही नजरेने पाहिलं की मीही पाहिलं. "आमच्या वडिलांनी मुंबईला दोन पत्रं घातली. एकाला उत्तर आलं. त्यात वडिलांच्या संधिवाताची चौकशी होती, आंबा कसा आहे विचारलं होतं. घंगाळाचा शब्द नाही."

माझ्या मनात थोरले काका, सुवर्णदुर्ग आणि पोहत आलेले मूळपुरुष येऊन गेले. पोहत कशाला आले असतील? कुणाच्या तरी घंगाळात बसून वल्हवत आले असतील, आणि ते परत केलं नसेल.

मी म्हटलं, "अण्णा, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐकीव असेल."

चूक झाली. अण्णा झोपाळ्यावरून उतरले, माजघरात गेले आणि खारव्यात बांधलेली एक वही घेऊन आले. उसनवारीची वही. कोण काय घेऊन गेलं आणि कधी परत आलं, तीन पिढ्यांची नोंद. जाजमं, समया, पाट, पोहऱ्याचा दोर, एका ठिकाणी चक्क बैल. परत आलेल्या वस्तूंवर आडवी रेघ. कचेरीतल्या चार बुकांपेक्षा ही एक वही चोख होती. वाळवीचीही हिंमत झालेली नव्हती.

सगळं मोडीत. मी मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केलाय, प्रमाणपत्र फ्रेम करून ठेवलंय. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि अक्षरं तिला एकापाठोपाठ एक टांगत जातात. शब्द तोडायची पद्धत नाही, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाही. लिहिणाऱ्याचा हात सुटतो आणि वाचणाऱ्याचा जीव जातो. अण्णांनी पान उघडून बोट ठेवलं. त्या ओळीवर रेघ नव्हती. मी एकेक अक्षर सोडवत गेलो. शके १८४५. वैशाख. घंगाळ तांब्याचे १. कडी १ ढिली. मुंजीस.

शके १८४५ म्हणजे १९२३. मुंज आठव्या वर्षी. म्हणजे आजोबा १९१५ च्या आसपासचे. ज्या सालासाठी मी कचेरीत उपाशी उभा होतो, ते साल आमच्या घराण्याच्या अब्रूसकट या वहीत पडलं होतं. अंगावर काटा आला हो. आणि पुढे शब्द होता 'हस्ते'. हस्ते सौ.

घंगाळ पणजोबांनी नेलंच नव्हतं. पणजीने नेलं होतं. आणि लिहिणाऱ्याने तिचं नाव लिहिलं होतं. वंशावळीत नाही, देवळाच्या फरशीवर नाही, इथे.

पहिलं अक्षर ल. म्हणजे बहुतेक ल. पुढच्या अक्षरावर मी अडलो. चष्मा पुसला. खिशातून मोबाइल काढला. "अण्णा, एक फोटो काढतो."

वही मिटली.

"आधी घंगाळ आणा."

मी विनवण्या केल्या. म्हटलं, अण्णा, पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, तिथे नुसता अर्ज केला तर कागद बांधलेले रुमाल सोडून समोर ठेवतात.

"त्यांचं तुम्ही काही नेलं नसेल," अण्णा म्हणाले.

यावर माणसाने काय बोलावं? मी सरबत संपवलं. फार आंबट होतं. त्यानंतर ते पेले.

मला राग आला तो याचा. माझी पणजी, माझं रक्त, तिचं नाव वाचायला मला एका सुपारी कातरणाऱ्या गृहस्थाची परवानगी लागावी? आणि समजा मी ते घंगाळ बघितलंही नाही, तर गुन्हा कुणाचा? एसटीत बसून दापोलीपर्यंत मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडलो, खेडपर्यंत त्यांच्या सुनेशी. एकदाही जिंकलो नाही, कारण त्यांच्याकडे वही होती.

घरी आल्यावर पार्ल्याच्या आत्याला फोन केला. आमच्याकडची जुनी भांडी तिच्याकडे गेलीत.

"घंगाळ? आहे की. गॅलरीत. मनीप्लांट लावलाय."

"एक कडी ढिली आहे का?"

फोन खाली ठेवल्याचा आवाज, मग चपलांचा, मग खणखण.

"आहे रे. लहानपणापासून तशीच आहे. तुला कसं कळलं?"

मी सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेत होती, मला वाटलं गहिवरली. मग म्हणाली, "शंभर वर्षं ते चिंचेने घासलं कुणी? आजीने, आईने, मी. आणि आता त्यांचं?"

दादरला जाऊन नवीन घंगाळाचा भाव काढला. तांबं किलोवर विकतात, आकडा ऐकून मी नुसतंच भांड्यावर टिचकी मारून बाहेर आलो. तरी अण्णांना फोन लावला. नवीन आणून दिलं तर चालेल का? बराच वेळ झोपाळ्याच्या कड्यांची करकर ऐकू येत राहिली.

"आमच्याची कडी ढिली आहे," अण्णा म्हणाले. "तेच हवं. आणि असं करा, आत्याबाईंच्याच हातून येऊ दे. बाईमाणसाने नेलं, बाईमाणसाने परत केलं, नोंद सरळ होईल. त्यांचं नाव काय? वहीत लिहायला लागेल. माहेरचं लिहू की सासरचं?"

मी आत्याला विचारलं.

"सांग त्यांना," आत्या म्हणाली, "घंगाळ मिळणार नाहीये, नावं कसली विचारतायत."

तूर्त माझ्याकडे पणजीचा ल आहे. बहुतेक ल.