शट व्हाइल टू

उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये एम.ए. करताना एक जादा विषय घ्यावा लागला. मी ‘इंग्रजीच्या प्रादेशिक बोली’ घेतला. हिशेब सोपा होता : पुस्तकातलं इंग्रजी येतं म्हणजे गावाकडचं येणारच. (अकरावीला गणित घेताना असाच हिशेब केला होता.)

पहिल्याच तासाला सरांनी जोसेफ राइटची गोष्ट सांगितली. इथलाच गिरणी कामगार, पंधराव्या वर्षापर्यंत निरक्षर; पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश केला. हे धीर द्यायला होतं. पण माझी अडचण वाचण्याची नव्हतीच, कानाची होती. सर म्हणाले, ‘वेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यातला फरक सांग. आता मी जसं लिहिलंय, अगदी तसंच मला ऐकू आलं. त्यांचे व दोन, आमचा एक. उलट इथले लोक बसला ‘बुस’ आणि कपला ‘कुप’ म्हणतात ते मला पटकन टिपता आलं; पण त्याला मार्क नव्हते.

मग फील्डवर्क. १९५० ते १९६१ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या लोकांनी ३१३ ठिकाणी, बहुतेक खेड्यांत, म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तेराशेवर प्रश्न विचारले होते. उत्तराचा शब्द आपण तोंडातून काढायचा नाही, वस्तू दाखवून नाव काढून घ्यायचं, ही रीत. मला प्रश्न एकच : गोल पाव. याला इथे ब्रेडकेक, लँकेशरात बार्म, नॉटिंगहॅमला कॉब, न्यूकॅसलकडे स्टॉटी. मी बेकरीत जाऊन बोट दाखवलं, “याला काय म्हणता?”

“शिळा,” बाई म्हणाल्या. “कालचा आहे तो. घेऊ नकोस, लुव.”

दुसऱ्या दुकानात उत्तर म्हणून किंमत मिळाली. तिसऱ्यात लाजेखातर चार पाव घेतले. आठवडाभर आमटीबरोबर संशोधनच खात होते.

खरा घात झाला तो निबंध देताना. मुदत दुपारी एकपर्यंत. सकाळी फोन केला तर ऑफिसातल्या काकू म्हणाल्या, “शट व्हाइल टू.” मी समजले, दोनला बंद होतं. साडेबाराला ऐटीत पोचले तर दाराला कुलूप. यॉर्कशरात ‘व्हाइल’ म्हणजे ‘पर्यंत’! दीड तास पायरीवर बसले. उशिराचे मार्क कापले गेले. निबंधाचा विषय : यॉर्कशरी बोलीतला ‘व्हाइल’.

शेवटच्या तासाला प्रत्येकाने आपापल्या बोलीतलं एक वैशिष्ट्य सांगायचं होतं. म्हटलं, आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. सर खुर्चीतून उठलेच. रेकॉर्डर लावला. “बोल!”

बोलू काय, कपाळ! पुण्याच्या हॉस्टेलवर दोन वर्षं ‘येतो नव्हे गं, येते!’ ऐकून जीभ स्वच्छ धुऊन निघाली होती. चार वेळा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी नाटकात पुरुषपार्ट केल्यासारखं वाटलं. सरांनी निमूट रेकॉर्डर बंद केला. माणूस सावध झाला की बोली पळते, म्हणाले.

बसस्टॉपवर आईचा फोन आला. “जेवलीस काय गं?”

“जेवलो की!”

रेकॉर्डर तिकडे सरांच्या कपाटात.