21 दिवस, 10,000 तास आणि टायपिंगची वेलांटी

लिपिक भरतीची जाहिरात निघाली की आमच्या नाशिकरोडच्या टायपिंग क्लासच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. 21 दिवस सलग करा, सवय लागते. एक दिवस जरी खाडा झाला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. 10,000 तास भरले की कुणीही, कशातही उस्ताद होतो, आणि हे म्हणे शास्त्राने सिद्ध झालंय. सोबत उगवता सूर्य असतोच. रोज सराव लागतो याबद्दल माझं भांडण नाही, माझं पोटच त्यावर चालतं. पण मेसेजमधला हिशेब चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली मुलं क्लास सोडतात.

21 दिवसांपासून सुरू करू. हा आकडा सवयींच्या अभ्यासातून आलेलाच नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस जातात, असं त्यांनी 1960 च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. पुढे 'किमान' गेलं, पेशंट गेला, आकडा तेवढा राहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोजची एक साधी गोष्ट अंगवळणी पाडायला सांगितली. कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा 66. शिवाय रोज संध्याकाळी संगणकासमोर येऊन बसायची सवय लागणं निराळं आणि न बघता मिनिटाला 30 मराठी शब्द मारता येणं निराळं.

आता 10,000 तास. 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि दोघा सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यातल्या सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी 10,000 तासांच्या पुढे गेला होता. सरासरी, म्हणजे काहींचा बराच कमी. आणि ही मंडळी अजून विद्यार्थीच होती, उस्ताद नव्हे. 2008 मध्ये एका खपाऊ इंग्रजी पुस्तकाने त्याचा नियम करून टाकला. खुद्द एरिक्सन यांनी त्यावर आक्षेप घेतला होता. त्यांचा भर तासांवर नव्हताच. जे जमत नाही तेच हेरून, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली ते सुधारण्यावर होता.

हे मला रोज दिसतं. रेमिंग्टन पद्धतीच्या, म्हणजे जुन्या टाइपरायटरसारख्या कळा असलेल्या मराठी टायपिंगमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी दाबायची आणि अक्षर नंतर. 'किती' लिहिताना डाव्या तर्जनीने वेलांटी, मग 'क'. हाताने लिहिताना आपण नेमकं उलट करतो, त्यामुळे बोट अडखळतं. एखादा मुलगा तीन महिने रोज तासभर बसतो. दरवेळी वेलांटी आली की 'क' आधी मारतो, खोडतो, पुन्हा मारतो. त्याचे तास भरतात आणि खोडायची सवय तेवढी पक्की होते. शेजारी बसून चार दिवस त्याच्याकडून फक्त वेलांटीचे शब्द करून घेतले की गाडी पुढे सरकते.

तासांच्या हट्टाला सर्वांत चांगलं उत्तर टायपिंगनेच दिलंय. ब्रिटनमध्ये पोस्टमनना कीबोर्ड शिकवताना त्यांचे चार गट केले होते. एका गटाला रोज एक तास, दोन गटांना दोन, एकाला चार. तो अभ्यास 1978 मध्ये छापून आला. कौशल्य सर्वांत कमी तासांत शिकला तो रोज एकच तास बसणारा गट. आणि सर्वांत नाराजही तोच, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागे पडलो असं त्यांना वाटत होतं! परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रोज पाच-पाच तास ठाण मांडणाऱ्यांना मी हे सांगतो. ऐकत कुणी नाही, ते सोडा.

'कुणीही, कशातही' यावर फार शाई घालवत नाही. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला तेरावा आला. कष्ट त्याचेच. पण सैन्यात गेल्यावर होडी, पाणी आणि प्रशिक्षक मिळाले. त्या टंचाईच्या गावात बसून त्याने कितीही तास ठरवले असते, तरी वल्हं मारायचं कुठे?

खाड्याचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण राग त्याचाच जास्त आहे. लॅलींच्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नव्हता. एकदा शिकलेलं पुन्हा शिकायला कमी वेळ लागतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवलं. आपल्या ढोल पथकांकडेच बघा. गणपतीआधी सराव, मग जुन्या वादकाचा ढोल कित्येक महिने बंद. पुढच्या वर्षी पहिले दोन-तीन दिवस मनगट भरून येतं, टोल इकडेतिकडे पडतो, आणि मग हात बसतो. नवख्यासारखं पहिल्या ठेक्यापासून त्याला कुणी शिकवत नाही.

दिंडोरी-निफाडकडची मुलं ऑक्टोबर छाटणीला आठ-दहा दिवस गायब होतात. घरची द्राक्षबाग, मजूर मिळत नाहीत, छाटणीमागोमाग पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावणं. परतायच्या वेळी नेमका हा मेसेज मोबाइलवर येतो आणि सगळं वाया गेलं असं समजून काही जण फिरकतच नाहीत. त्यांच्यासाठी सांगतो: बाग उरकली की या. पहिल्या दिवशी वेग चार-पाच शब्दांनी कमी भरेल, तेव्हा घड्याळ लावायचं नाही. सोडला होता त्याच उताऱ्यापासून बसायचं.